आतला पदर

पन्नाशी उलटल्यावर मी शिवणाच्या वर्गात नाव घातले, तेव्हा महाविद्यालयातील माझ्या एका स्नेह्यांनी माझ्या पत्नीला बाजूला घेऊन माझ्या प्रकृतीची चौकशी केली. त्यांचा तरी काय दोष? तीस वर्षे इंग्रजी कविता शिकविणाऱ्या गृहस्थाने शनिवारी दुपारी कापडाच्या तुकड्यांची पिशवी काखोटीला मारून पेणच्या बाजारपेठेतून जावे, आणि तेही मान खाली न घालता, हे दृश्य त्यांना अपरिचित होते. बागकाम, बुद्धिबळ, पेटी, फार तर होमिओपाथी, एवढेच छंद आमच्यासारख्या पुरुषांना शोभतात अशी एक समजूत आहे. सुईदोरा त्या यादीत बसत नाही. वास्तविक पाहता आमच्या गावातले बहुतेक शिंपी पुरुषच; परंतु तो धंदा झाला. पैशासाठी शिवणारा पुरुष कारागीर ठरतो, हौसेने शिवू लागला की त्याच्या पत्नीला बाजूला घ्यावे लागते!

या छंदाचे मूळ २०२० सालच्या टाळेबंदीत आहे. मार्चअखेर आम्ही सर्व घरात कोंडले गेलो, औषधांच्या दुकानातल्या मुखपट्ट्या संपल्या, आणि पत्नीने जुन्या सुती साड्या काढून पायाच्या यंत्रावर मुखपट्ट्या शिवावयास घेतल्या. माझ्याकडे प्रथम दोरा ओवण्याचे, मग नाड्या उलटविण्याचे, आणि तिला कंटाळा आल्यावर सबंध यंत्राचेच काम आले. पुढे ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले. आमचे घर वाचले. परंतु वीज गेली ती कित्येक दिवस परतली नाही. भ्रमणध्वनी निजला, संगणक निजला, पंखा निजला. घरात चालू असलेले यंत्र एकच, आणि ते माझ्या पायांवर चालत होते. त्या काळोख्या, दमट दिवसांत खिडकीपाशी बसून मी इतक्या मुखपट्ट्या शिवल्या की अखेर शेजारी त्या नको म्हणू लागले. साथ ओसरली, मुखपट्ट्या गेल्या, आणि पायांना लागलेली सवय मात्र राहिली.

म्हणून गावातल्या एका बाईंनी आपल्या घराच्या माडीवर आधुनिक क्विल्टिंगचा वर्ग काढल्याचे कळताच मी तेथे जाऊन थडकलो. मुलीला बाळ होणार होते. बाळासाठी आपण स्वतः एक क्विल्ट करावे असे मनात आले. पहिल्या दिवशी अकरा स्त्रिया आणि मी असा एकंदर बारा जणांचा मेळावा होता. "सर, वहिनी येताहेत ना मागून?" असे बाईंनी मोठ्या आदराने विचारले. मागून कोणीही येत नाही हे त्यांच्या ध्यानात यावयास थोडा वेळ लागला.

या शास्त्राची हत्यारे पाहून मी थक्क झालो. कापड कापावयास कात्री नाही. पिठाच्या चिरणीसारखे फिरते चाकाचे पाते असते. १९७९ साली ओल्फा या जपानी कंपनीने ते बाजारात आणले, आणि तेव्हापासून जगभरच्या क्विल्ट करणाऱ्यांनी कात्री जवळजवळ टाकलीच. खाली अंथरावयास एक हिरवा तक्ता असतो; त्यावर पाते फिरविले तरी चीर आपोआप मिटते. पारदर्शक पट्ट्या, अणकुचीदार टाचण्या, कापडाच्या १८ इंच रुंद व २२ इंच लांब अशा घडीव तुकड्यांचे गठ्ठे. आणि या सर्वांवर राज्य करणारा एक नियम. शिवण बरोबर पाव इंचाची पाहिजे. पाव इंच म्हणजे पाव इंच. तेथे विकल्प नाही, अपवाद नाही, बहुमत नाही. साडेतीन इंचांचे नऊ चौरस जोडले की साडेनऊ इंचांचा एक ब्लॉक व्हावयास हवा. प्रत्येक शिवणीत इंचाचा सोळावा हिस्सा जरी कड अधिक गेली, तरी एका ब्लॉकमध्येच पाव इंच गिळला जातो. आणि असे चार ब्लॉक ओळीने जोडले की ती ओळ शेजारच्या ओळीहून जवळजवळ दीड इंच आखूड भरते. माझी पहिली ओळ अशीच भरली. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मी आयुष्यभर अर्ध्याअर्ध्या गुणाचा हिशेब केला, त्याचे उट्टे त्या दीड इंचाने काढले असे मला वाटले.

आमच्या वर्गात एक बाई होत्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गणपती घडवितात. पेणच्या गणेशमूर्तींना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बाहेरच्यांना त्यांचे महत्त्व कळले. आम्हा पेणकरांना ज्येष्ठ-आषाढात रंगाच्या वासावरूनच गाव ओळखता येते. या बाई मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करीत. त्यांनी पट्टी हाती घेतलेली मी क्वचितच पाहिली. कापड समोर धरावयाचे, एकवार पाहावयाचे आणि पाते फिरवावयाचे. तुकडा मोजावा तर बरोबर साडेतीन. शिक्षिकाबाई प्रथम त्यांना रागावल्या, मग गप्प बसल्या. मी मात्र पट्टी, खडू आणि चष्मा या तिहींच्या आधारानेच चाललो. चार महिन्यांत १४४ तुकडे, १६ ब्लॉक आणि असंख्य वेळा उसवणे, एवढ्या प्रपंचातून छत्तीस इंचांचे एक चौकोनी क्विल्ट सिद्ध झाले. निळ्या आणि पिवळ्या चौरसांचे, चहूबाजूंनी तांबडा गोट लावलेले, आत पॉलिएस्टरचा हलका पिंजर घातलेले. ते मी भिंतीवर धरून पाहिले, जमिनीवर पसरून पाहिले, आणि पत्नीचा डोळा चुकवून एकदा पांघरूनही पाहिले. ते गुडघ्यांपर्यंतच आले.

प्राध्यापकाला छंद लागला की त्याच्यामागून पुस्तके येतातच. क्विल्ट हा शब्द गादी या अर्थाच्या एका लॅटिन शब्दापासून निघाला, हे मला पूर्वीच ठाऊक होते. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली अमेरिकन क्विल्टांचे प्रदर्शन भरविले आणि अंथरुणातली ही वस्तू चित्रांसारखी भिंतीवर टांगली, हे आता समजले. अलाबामा राज्यातील जीज् बेंड नावाच्या खेड्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांची हकीकत मला विशेष भावली. त्यांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावरचे गुलाम. या स्त्रियांनी शेतात झिजलेले कामाचे कपडे, गुडघ्यावर विटलेल्या विजारी, पिठाची पोती यांतून थंडीसाठी क्विल्ट शिवली. २००२ साली ती प्रथम ह्यूस्टनला आणि नंतर न्यूयॉर्कला लोकांसमोर आली. टीकाकारांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकलेशी केली, आणि २००६ साली अमेरिकन सरकारने त्यांची टपालतिकिटे काढली. आपल्याकडेही हे अगदीच दुर्लक्षित नाही. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आहे, आणि तो छापला फ्रान्समधील एका प्रकाशनसंस्थेने. तो चाळताना मी थबकलो. निरनिराळ्या जिल्ह्यांतील गोधड्यांची चित्रे त्यात आर्टपेपरवर होती; आणि त्यांतल्या एकीसारखी, म्हणजे कडेकडेने आत वळत जाणाऱ्या टाक्यांची गोधडी, मी अठराव्या वर्षापर्यंत रोज पांघरीत होतो.

दसरा आटोपला, धावीर महाराजांची पालखी होऊन गेली, आणि त्यानंतरच्या रविवारी मी क्विल्ट पिशवीत घालून रोह्यास आत्याकडे निघालो. पेणहून निघालेली गाडी कासू, नागोठणे, निडी करीत रोह्यास पोहोचते. अंतर थोडे, परंतु गाडीला घाई नसते. आत्या शहाऐंशी वर्षांची. ऐन तारुण्यात वैधव्य आले तशी ती माहेरी परतली, आणि माझी आई मी तीन वर्षांचा असताना वारल्यावर मला तिनेच वाढविले. आई मला आठवत नाही. आठवते म्हणून मी जे सांगतो, ते आत्यानेच सांगितलेले असते.

आत्याने क्विल्ट हातात घेतले आणि प्रथम उलटून पाहिले. नऊ चौरसांचे माझे निळेपिवळे वैभव तिच्या मांडीवर पालथे पडले होते, आणि ती मागच्या टाक्यांवरून बोट फिरवीत होती.

"यंत्राचे का रे?"

"हो."

"हं." मग तिने ते सरळ केले. "कापड चांगलं आहे. नवं होतं?"

"अगदी नवं. मुद्दाम आणलं."

"मग कापलंस कशाला?"

या प्रश्नाला अमेरिकेच्या इतिहासात उत्तर असेल, मजजवळ नव्हते. नवे, धड कापड विकत घ्यावयाचे, त्याचे १४४ तुकडे करावयाचे आणि मग ते पाव पाव इंचाने जोडून पुन्हा धड करावयाचे, हा उपद्व्याप चार महिने करताना तो उपद्व्याप आहे असे मला एकदाही वाटले नव्हते. मी विषय बदलून जीज् बेंडची हकीकत सांगितली. त्या क्विल्टांची किंमत, ती संग्रहालयात टांगली, टपालतिकिटे निघाली, सर्व काही. आत्याने शांतपणे ऐकून घेतले.

"भिंतीवर टांगल्या," ती म्हणाली, "मग त्या बायकांनी पांघरलं काय?"

मग क्विल्टचा कोपरा चिमटीत धरून तिने विचारले, "आत काय आहे याच्या?"

मी पॉलिएस्टर म्हणजे काय ते सांगू लागलो. तिने मला मध्येच थांबविले. "म्हणजे काही नाही."

बाळाच्या अंगाला नवे कापड टोचते, त्याला दहा पाण्यांतून गेलेले मऊ सूतच पाहिजे. हे पुण्याला दाखवावयास ठेव, आणि बाळासाठी आपण दुपटे शिवू, असा निकाल तिने दिला. "आपण" या शब्दाचा अर्थ असा की तिची नजर अधू झाली होती, तेव्हा शिवावयाचे मी आणि उसवावयास सांगावयाचे तिने. दर रविवारी मी रोह्यास जाऊ लागलो.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९८५ साली मी मुंबईस शिकावयास निघालो तेव्हा आत्याने मला एक गोधडी दिली होती. सबंध पावसाळाभर बसून तिने ती शिवली. वर आजोबांचे धोतर, मध्ये आजीचे लुगडे, कडेला माझ्या शाळेच्या खाकी विजारीचे तुकडे. एवढे मला दिसत होते. वसतिगृहातील माझ्या खोलीत आणखी दोघे होते. एकाजवळ विलायती ब्लँकेट, दुसऱ्याजवळ मोराचे चित्र असलेली कोरी सोलापुरी चादर. मी वळकटी सोडली तेव्हा त्यांतला एक हसला. तो वाईट मुलगा नव्हता, "गाठोडं आलं का गावाहून?" एवढेच म्हणाला. परंतु मी नुकतीच इंग्रजी कादंबऱ्या वाचावयास लागलो होतो, आणि इंग्रजी कादंबऱ्यांत गोधडी नसते. त्या रात्री मी ती पलंगाखाली सारली. दोन आठवड्यांनी नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याला ती दिली. त्याच्या मेजावरचे अंथरण जळून गेले होते, त्याला जाडसे काही हवेच होते. मोबदल्यात त्याने महिनाभर माझे कपडे फुकट इस्त्री करून दिले, आणि त्या महिन्यात मी वर्गातला सर्वांत टापटिपीचा विद्यार्थी होतो.

दिवाळीत घरी आलो तेव्हा आत्याने "थंडी वाजते का रे तिकडे?" म्हणून विचारले, आणि मी "नाही" म्हटले. ते खोटे नव्हते. मुंबईत थंडी वाजतच नाही. पुढली पाच वर्षे त्या नाक्यावरून जाताना मला ती मेजावर ताणून बसविलेली दिसे. तिच्यावर इस्त्रीच्या आकाराचे तपकिरी डाग उमटत चालले होते. कालांतराने मी पलीकडच्या गल्लीने जाऊ लागलो.

गोधडी शिवणे म्हणजे ठिगळे जोडणे, अशी माझी पंडिती कल्पना होती. ती पहिल्याच रविवारी गेली. माजघरात खालचे कापड अंथरावयाचे, चार कोपऱ्यांवर पाटे-वरवंट्यापासून मिळेल ते वजन ठेवावयाचे, आणि मग एकेक पदर त्यावर पसरीत हाताने सुरकुती काढीत जावयाचे. दणकट कापड वर आणि खाली, विरलेले मध्ये. सगळे पदर जागच्या जागी राहावेत म्हणून लांब कच्चे टाके घालावयाचे, आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन काढीत आत यावयाचे. मधोमध पोहोचलात की गोधडी झाली. दोऱ्याला मेण लावावयाचे म्हणजे तो गुंतत नाही. दुपट्यात गाठ अजिबात नको. टोक पदरांच्या आत लपवावयाचे. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. उजवा हात शिवतो आणि डावा खालून पाहतो, असे आत्या म्हणे. आणि तिची नजर गेल्यापासून तिचे सगळेच पाहणे डाव्या हाताकडे आले होते. माझ्या ओळीवरून ती बोट फिरवी आणि नेमक्या जागी थांबे. "इथे घाई झाली होती तुला." पाव इंचाची पारदर्शक पट्टीही इतकी निष्ठुर नव्हती.

कर्नाटकातील यल्लापूर, हल्याळकडच्या सिद्दी स्त्रियाही आपली कवंदी अशीच कडेकडून आत शिवीत नेतात आणि तिच्या चार कोपऱ्यांना कापडाची घडी घातलेली फुले बसवितात. फुलांवाचून ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. बंगालची कंथा, बिहारची सुजनी, देशावरची वाकळ, सगळ्यांचा धावदोरा एकच. हे सर्व मी आत्याला सांगितले. तिला सिद्दी म्हटल्यावर मुरूडचा जंजिरा आठवला आणि तिने त्यांना तिकडचेच ठरवून टाकले. आफ्रिकेतून पोर्तुगीजांनी गोव्यास आणलेल्या लोकांचे हे वंशज, वगैरे माझे व्याख्यान तिने कानाआड केले. परंतु कोपऱ्यावरच्या फुलांची गोष्ट मात्र तिने दोनदा विचारून घेतली, आणि आमच्या दुपट्यालाही चार फुले बसली. गाडगेमहाराजांनाही लोक गोधडेबुवा म्हणत, हे मात्र मी तिला सांगण्यापूर्वी तिनेच मला सांगितले. माझ्या ज्ञानाचा एवढा एकच कण तिला आधी ठाऊक होता, आणि तो तिने सोडला नाही.

तिसऱ्या रविवारी आतल्या पदरांचा प्रश्न निघाला. खालचा पदर आत्याच्या लुगड्याचा, वरचा पत्नीच्या एका फिकट गुलाबी साडीचा, असे ठरले होते. एकीचे अंग दुसरीच्या अंगाला लागावे, एवढाच त्यातला विचार. मध्ये एक पदर कमी पडत होता. माझ्या मनात आले आणि मी विचारले,

"आत्या, आईचं एखादं जुनं पातळ नाही का गं राहिलं?"

"होतं ते एकच," आत्या म्हणाली. "अंजिरी रंगाचं. ते तुला दिलंच की."

"मला?"

"मुंबईला जाताना दिलेल्या गोधडीत नाही का घातलं? मधोमध. वर घातलं असतं तर चार वर्षांत विरलं असतं. आत असलं की टिकतं." ती मेणाचा खडा शोधीत होती. "नागोठण्याला पूर आला त्या साली घरातल्या सगळ्या गोधड्या दिल्या मी. तुझी तुझ्यापाशी होती म्हणून राहिली. आता काढ ती. वरचे पदर फाटले असतील. उसवून ते पातळ काढू, आणि हात-दीड हात इथे घालू."

१९८९ च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठणे उद्ध्वस्त केले, त्या वेळी मी मुंबईत होतो. वसतिगृहातून आम्ही पूरग्रस्तांसाठी वर्गणी गोळा केली होती, आणि वर्गणी मागावयास जाताना मी इस्त्रीचा सदरा घातला होता, हे मला त्या माजघरात बसल्या बसल्या स्पष्ट आठवले.

"शोधतो," मी म्हणालो.

परतीच्या गाडीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. त्या मेजावरची गोधडी मी पाच वर्षे पाहिली होती, आणि पाहताना मला आजोबांच्या धोतराची लाज वाटत असे. आजोबा मला आठवतात. त्यांच्या धोतरापेक्षा आणखी काही त्या अंथरणात असेल, ही शंका मला कधी आली नाही. ज्या बाईचा चेहरा मला एका पिवळ्या छायाचित्रावरूनच ठाऊक आहे, तिच्या अंगावरचे वस्त्र चौदा आणे इस्त्रीला चटके खात तेथे पसरले होते. चौदा आणे हा आमच्या आजोबांच्या काळचा हिशेब झाला. मला त्या महिन्यात किती वाचले हे मी मुद्दाम आठवीत नाही.

पुढील दोन रविवार मी खोटे बोललो. एकदा म्हटले, माळ्यावर ट्रंका फार आहेत. दुसऱ्यांदा म्हटले, पत्नी माहेरी गेली आहे, किल्ली तिच्यापाशी. शहाऐंशी वर्षांच्या बाईला फसविणे सोपे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी ते करून पाहावे. तिने दोन्ही वेळा मान डोलावली. शिवण पुढे जात नव्हती. मधला पदर पडल्याशिवाय ती जाणार नव्हती. आम्ही नुसतीच कडेची फुले पुन्हा पुन्हा नीट करीत बसलो. मला एक पळवाटही सुचली होती. पेणच्या एका दुकानात अंजिरी रंगाचे सुती पातळ मी पाहून ठेवले होते. आठदहा वेळा धुतले असते, उन्हात टाकले असते, तर डोळ्यांना कळले नसते. परंतु आत्या डोळ्यांनी पाहत नव्हती.

तिसऱ्या रविवारी मी सांगून टाकले. कसे सांगितले ते येथे लिहीत नाही. तीस वर्षे व्याख्याने देऊन मिळविलेली वाणी त्या दिवशी फारशी उपयोगी पडली नाही.

"इस्त्रीवाल्याला?" आत्याने विचारले.

"हो."

"दिलीस, की विकलीस?"

मी महिनाभराच्या फुकट इस्त्रीचे सांगितले.

"म्हणजे विकलीस."

तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. बाहेर मागीलदारी कोणीतरी कपडे आपटीत होते. भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे कुंडलिका बाराही महिने वाहते. लहानपणी फाल्गुन-चैत्रात आम्ही घरच्या सगळ्या गोधड्या तिच्यावर धुवावयास नेत असू, आणि भिजलेली गोधडी दोघांनी दोन टोकांनी पिळावी लागे. माझ्या बाजूचे टोक नेहमी सुटे.

बऱ्याच वेळाने आत्या बोलली, आणि ती हिशेब करीत होती हे मला तेव्हा कळले.

"वर धोतर. ते दुहेरी होतं. त्याखाली आईचं, तुझ्या आजीचं, लुगडं. मग वहिनीचं पातळ. इस्त्रीचा चटका वरून लागतो. धोतर जळायला दोन वर्षं. लुगडं जाड होतं, ते तीन वर्षं तरी टिकलं असेल. तिथवर पोचायला पाच-सहा वर्षं लागली असतील." ती थांबली. "तोवर तू नोकरीला लागला होतास ना रे?"

"लागलो होतो."

"मग आणायला का नाही गेलास?"

मी उत्तर दिले नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही. मजजवळ कारणे होती. नोकरी पेणला, तो नाका मुंबईला, लग्न, संसार, आणि आत काय आहे हे मला कोठे ठाऊक होते? हे शेवटचे कारण ओठांवर आलेही होते. परंतु धोतर ठाऊक होते, लुगडे ठाऊक होते, सबंध पावसाळाभर खिडकीपाशी वाकलेली तिची पाठ ठाऊक होती.

आत्या उठली. भिंतीला हात लावीत आतल्या खोलीत गेली आणि एक पांढरे सुती पातळ घेऊन आली. ते तिचे नेहमीचे, कालपरवापर्यंत नेसावयाचे होते; धुऊन धुऊन त्याचा पोत सायीसारखा झाला होता. तिने ते मधल्या जागी पसरले, डाव्या हाताने सुरकुती काढली आणि वरची गुलाबी साडी त्यावर ओढून घेतली. पांढरे दिसेनासे झाले.

"सुई ओव," ती म्हणाली.

मी ओवली. दोऱ्याला मेण लावले. कडेपासून पहिली ओळ धरली आणि कोपऱ्यावरच्या फुलापर्यंत आलो. त्या दुपारी हात थरथरत होता म्हणून मी टाके लहान लहान घेतले; मला वाटले, आजवरची ही सर्वांत चांगली ओळ साधली. आत्याने तिच्यावरून बोट फिरविले. अर्ध्यावर ते थांबले, थोडे मागे आले, पुन्हा पुढे गेले.

"वरच्या दोनच पदरांतून गेलाय दोरा," ती म्हणाली. "मधलं धरलंच नाहीस. उसव."

मी ती ओळ उसवली, आणि पहिल्यापासून धरली.